गोळी फुकट मिळते, सोबत कुठे मिळते?

गेल्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट आहे. दरवर्षीप्रमाणे विहारात खीरदान होते. पहाटेपासून महिला मंडळाच्या बायका पातेल्यांभोवती बसल्या होत्या. कोणी वेलदोडे सोलत होते, कोणी दूध मोजून ओतत होते. मागच्या गल्लीतली एक ताई आली. तिने पदर खोचला आणि खीर ढवळायला डाव हातात घेतला. मंडळातल्या एक जुन्या मावशी म्हणाल्या, "राहू दे गं. तू बस तिकडे पंख्याखाली. आम्ही करतो ना."

कोणी शिवी दिली नाही, कोणी दार लावून घेतले नाही. ताईने डाव खाली ठेवला. थोडा वेळ ती फुलांच्या टोपलीजवळ बसली आणि मग कोणाला न सांगता घरी गेली.

मी तिथेच होते. मी हे आरोग्याचे पान लिहिते, बायकांच्या बैठकीत आजारांवर बोलते. पण त्या वेळी मी खाली मान घालून काजूचे तुकडे करत राहिले. सगळ्यांना माहीत होते की ताईला एचआयव्ही आहे. मला हेही माहीत होते की खिरीतून एचआयव्ही पसरत नाही. तरी मी बोलले नाही.

आपल्या आजा-पणजांना पाण्यापासून लांब ठेवणारे लोक दर वेळी काठी घेऊनच येत नसत. "तू तिकडे बस" एवढ्यावरही काम भागत असे. ते वाक्य आपल्याच विहारात, आपल्याच तोंडून निघाले. म्हणून हा लेख लिहिते आहे. ताईला विचारून लिहिते आहे. नाव घालू नकोस, एवढीच तिची अट आहे.

बाकावरची ओळख

ताईचे यजमान ट्रान्सपोर्टमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचे काम करायचे. क्षयाने गेले. नंतर तिची तपासणी झाली तेव्हा कळले की दोघांनाही एचआयव्हीची लागण होती. एका खासगी लॅबमधून तो रिपोर्ट फुटला आणि तिच्या आधी गल्लीत पोहोचला. सासरच्यांनी खोली खाली करायला सांगितली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तेवढाच काय तो आधार.

एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीचे औषध मोफत देणारे सरकारी केंद्र. जवळचे केंद्र सोडून ताई दोन बस बदलून लांबच्या केंद्रात जायची, कारण जवळच्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती. गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद ती खरवडून काढायची. पिशवीत बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायची. कामावरच्या बाईसमोर गोळी घेता येत नाही म्हणून कधी कधी चुकवायची. अशी दोन वर्षे गेली. वजन उतरले, तोंडात फोड आले.

एक दिवस केंद्रातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने तिला विचारले, "जेवून आलीस का?" ती बाई नेटवर्कची कार्यकर्ती होती. स्वतःही त्याच रांगेत, त्याच गोळीवर. तिने आपली बाटली पर्समधून काढून सरळ बाकावर ठेवली. ताई सांगते, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, समुपदेशकानं सांगितलं होतं. पण बारा वर्षं ती गोळी घेऊन समोर धडधाकट बसलेली बाई मी पहिल्यांदा बघितली."

त्या दिवसापासून ताईने गोळी चुकवलेली नाही.

नेटवर्क म्हणजे कोण?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी बांधलेली संघटना म्हणजे नेटवर्क. त्यांना 'पॉझिटिव्ह नेटवर्क' म्हणतात. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्यानंतर बरीच वर्षे या आजारावर बोलणारे सगळे वेगळे होते आणि आजार असलेले वेगळे. आजार असलेल्यांबद्दल इतर लोक ठरवत होते.

त्याचा अनुभव शेजारच्या गोव्यात आला. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले होते. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि एका बंद पडलेल्या क्षय रुग्णालयात दोन महिन्यांहून जास्त काळ एकट्याला डांबले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. सुटल्यावर तो लपून राहिला नाही. न्यायालयात गेला, लोकांत उभा राहून बोलला आणि १९९२ मध्ये मरण्याआधी एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी गोव्यात संस्था उभारण्याचे काम त्याने सुरू केले.

१९९७ मध्ये मोजक्या माणसांनी एकत्र येऊन 'इंडियन नेटवर्क फॉर पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही' स्थापन केले. पुढच्याच वर्षी पी. कौसल्या आणि काही बायकांनी स्त्रियांचे स्वतंत्र नेटवर्क काढले, कारण नवऱ्याकडून लागण झालेल्या, विधवा झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांचे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत मागे पडत होते. आपल्या राज्यात 'नेटवर्क ऑफ महाराष्ट्र बाय पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही' आहे. बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हा पातळीवरची नेटवर्क आहेत. सांगलीत 'संग्राम' आणि वेश्या व्यवसायातल्या स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांनी शेजारणीने शेजारणीला समजावण्याचे काम केले. तिथे बाहेरून आलेल्या मॅडमनी नव्हे, त्याच गल्लीतल्या बायकांनी निरोधचा वापर वाढवला.

१९९७ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीत हंगामी काम करणाऱ्या मजुराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केले होते. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालला. कागदोपत्री तो फक्त 'एमएक्स' होता. न्यायालयाने सांगितले की माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याचे काम काढून घेता येणार नाही. हा आधार न्यायालयाला संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये सापडला. एक हातावर पोट असलेला मजूर लढला आणि बाबासाहेबांच्या संविधानाने त्याला तारले.

गोळी फुकट कशी झाली?

आज एआरटीची गोळी मोफत मिळते हे आपण गृहीत धरतो. २००० सालच्या सुमारास विदेशी कंपन्यांच्या औषधांचा खर्च एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमीत, देण्याची तयारी दाखवली. जगभर खळबळ उडाली. पण नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराला तेवढेही परवडणारे नव्हते. नेटवर्कच्या लोकांनी मागणी लावून धरली की सरकारने औषध मोफत द्यावे. १ एप्रिल २००४ पासून ते सुरू झाले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या वेळी प्रतिकारशक्ती फार खाली गेलेल्यांनाच औषध मिळे. २०१७ पासून लागण आढळली की लगेच औषध, असा नियम झाला.

आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. ती रोज नियमाने घेतली तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही जगभर मान्य झालेली गोष्ट आहे. गरोदरपणी औषध घेतले नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर औषध घेतले तर हा धोका पाचाच्याही खाली येतो.

मात्र औषध फुकट असूनही कधी कधी ते केंद्रात नसते. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत नेटवर्कचे लोक राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ४० दिवसांहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. महिन्याच्या गोळ्यांऐवजी चार-आठ दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून लोकांना परत पाठवले जात होते. रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्यातून एकदा दवाखान्यात यायला लावणे म्हणजे औषध सोडायला लावणे. साठा कुठे संपतो आहे यावर नजर ठेवणे आणि तो संपल्यावर आवाज उठवणे हे नेटवर्कचे मोठे काम आहे.

दुसरा आजार: हिपॅटायटिस सी

आमच्या वस्तीतले एक दादा प्लंबिंगची कामे करतात. तरुणपणी ते गर्दच्या नादाला लागले होते. चौघे मिळून एका सुईने टोचायचे. बारा वर्षांपूर्वी सुटले. मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था १९९० च्या दशकापासून अशा तरुणांत काम करतात. स्वच्छ सुया देतात, जिभेखाली ठेवायच्या गोळीने नशा सोडायला मदत करतात. काहींना हे पटत नाही. पण एक सुई चौघांत फिरली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही फिरतात. सुई थांबेपर्यंत निदान ती वेगळी असावी, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे.

एका शिबिरात दादांची हिपॅटायटिस सी ची तपासणी पॉझिटिव्ह आली. हा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा आजार. तो रक्तातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा आजार होता. यातल्या बहुतेकांना ते माहीतच नसते, कारण वीस-वीस वर्षे काही त्रास होत नाही. डोळे पिवळे होत नाहीत. आतून यकृत हळूहळू कडक होत जाते. पोटात पाणी भरते तेव्हा उशीर झालेला असतो. सोबत एचआयव्ही असेल तर यकृत आणखी लवकर बिघडते.

दादांना कोणी काविळीची माळ घालायला सांगितले, कोणी गावठी औषधाचा पत्ता दिला. आपण हे सोडले पाहिजे. माळेने विषाणू जात नाही आणि काही जडीबुटी तर यकृताला उलट अपाय करते.

पूर्वी यावर वर्षभर चालणारी इंजेक्शने होती. लाखोंचा खर्च, अंगात ताप, आणि तरीही बऱ्याच जणांना गुण येत नसे. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुवीर ही गोळी आली. तिची किंमत एका गोळीला एक हजार डॉलर, म्हणजे १२ आठवड्यांना ८४ हजार डॉलर. 'दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपल'च्या लोकांनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. यांतल्या अनेकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही होते, म्हणून त्यांना थांबायला वेळ नव्हता. जानेवारी २०१५ मध्ये पेटंटचा एक अर्ज फेटाळला गेला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. कागदावर ती लढाई हरली. पण त्याआधीच कंपनीने काही भारतीय कंपन्यांना गोळी बनवायचे परवाने दिले होते. २०१५ मध्ये २८ गोळ्यांची देशी बाटली सुमारे २० हजार रुपयांना आली आणि किमती पुढे आणखी उतरल्या. २०१६ मध्ये पंजाब सरकारने मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांतल्या उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत.

दादांनी १२ आठवडे गोळ्या घेतल्या. शंभरातले ९५ लोक या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. यकृत आधीच फार खराब असेल तर उपचार लांबू शकतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. विषाणू नव्हता. दादा बरे झाले.

पुढचा भाग प्रत्येकाने नीट वाचावा. दोन वर्षांनी दादांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. दवाखान्याने आधी रक्त तपासले, 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' आले आणि ऑपरेशन पुढे ढकलले. नंतर सांगितले, दुसरीकडे जा. दादा घरी येऊन दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना वाटले आजार परत आला.

आजार परत आला नव्हता. या आजारात दोन तपासण्या असतात. पहिली अँटीबॉडीची. शरीर त्या विषाणूशी कधी तरी लढले होते एवढेच ती सांगते. बरे झाल्यावरही ती बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. जखम भरली तरी व्रण राहतो तसे. दुसरी तपासणी आरएनएची. आत्ता रक्तात विषाणू आहे की नाही हे तीच सांगते. नेटवर्कचा एक मुलगा दादांचा जुना आरएनए रिपोर्ट घेऊन त्यांच्यासोबत गेला आणि डॉक्टरांशी शांतपणे बोलला. ऑपरेशन झाले. खरे तर विषाणू असता तरी ऑपरेशन नाकारायला नको होते. प्रत्येक रुग्णासाठी सारखीच काळजी घ्यायची, हा दवाखान्यांचा नियमच आहे.

म्हणून बरे झाल्याचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाशेजारी जपून ठेवा. आणि एकदा बरे झाले म्हणजे कवच मिळाले असे नाही. पुन्हा दूषित सुई टोचली तर पुन्हा लागण होते. हिपॅटायटिस बी ची लस आहे, सी ची लस नाही.

तपासणी कोणी करावी?

ज्यांनी कधी नशेची सुई घेतली, ज्यांना वारंवार रक्त चढते, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांनी जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतले, ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांनी हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी जरूर करावी. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल बरेच आढळते. त्या मुलांना रक्त चढवावे लागते, तेव्हा रक्त नेहमी परवानाधारक रक्तपेढीचेच घ्यावे आणि मुलांची तपासणी ठरावीक काळाने करावी. तापाला सलाइन आणि इंजेक्शन मागण्याची आपली सवयही कमी करू या. गोळीने भागत असेल तर गोळी घ्यावी. इंजेक्शन लागलेच तर सुई समोर पाकिटातून काढायला सांगावी.

आपल्या वस्त्यांत सफाई कामगार पुष्कळ आहेत. कचऱ्यातली सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तसेच सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. एचआयव्ही टाळण्याचे औषध पहिल्या दोन तासांत सुरू झाले तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ते २८ दिवस घ्यायचे असते. हिपॅटायटिस सी साठी असे औषध नाही, म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखांना रक्त तपासून घ्या. मुकादमाकडे घटनेची लेखी नोंद करा. हिपॅटायटिस बी ची लस आधीच घेऊन ठेवा.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या या गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात:

नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली, कुठेही एचआयव्हीमुळे भेदभाव करता येत नाही.

संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही.

एकत्र राहत्या घरातून एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला बाहेर काढता येत नाही. विधवा सुनेलाही नाही.

आईवडील नसतील तर १२ ते १८ वयाचा समजूतदार मोठा भाऊ किंवा बहीण, दवाखाना, शाळा, बँक अशा कामांत धाकट्या भावंडांचे पालक म्हणून उभे राहू शकतात.

तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. ताईला हे तेव्हा माहीत असते तर खोली सोडताना तिने कोणाला तरी विचारले असते. आज नेटवर्कचे लोक सासरच्यांशी बोलायला सोबत जातात. बोलून जमले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळवून देतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मुलांसाठी बालसंगोपन योजना, एसटीतली सवलत, या कागदांसाठीही तेच सोबत फिरतात. औषध मध्येच सोडलेल्यांना शोधून परत आणतात. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद असताना कार्यकर्त्यांनी घरोघर गोळ्या पोचवल्या. काही जिल्ह्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावेही भरतात.

वस्तीत आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे लोक देशात सर्वांत जास्त, सुमारे चार लाख आहेत. म्हणजे आपल्या वंदनेला येणाऱ्यांतही कोणी असू शकते. ते कोण हे शोधत बसू नका. आपली वागणूक अशी ठेवा की ज्याला सांगायचे आहे त्याला सांगता येईल.

एक, कोणी विश्वासाने सांगितले तर ते आपल्या पोटातच ठेवा. "कसा झाला?" हा प्रश्न विचारू नका. "औषध चालू आहे का? कधी सोबत येऊ का?" एवढे विचारा.

दोन, दवाखान्याच्या दिवशी मूल सांभाळा, पाण्याचा हंडा भरून ठेवा. तेवढ्याने एखाद्या बाईची गोळी चुकत नाही.

तीन, एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला, ताप किंवा वजन घटणे सुरू झाले तर पंधरा दिवस वाट बघू नका. त्याच आठवड्यात क्षयाची तपासणी करायला न्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा घात क्षय करतो आणि आपल्या अंधाऱ्या, दाटीच्या खोल्यांत तो लवकर पसरतो.

चार, विहार समितीने वर्षातून एकदा जवळच्या सरकारी केंद्राच्या समुपदेशकाला आणि जिल्हा नेटवर्कच्या कार्यकर्त्याला बोलवावे. भाषण अर्धा तास पुरे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, म्हणजे कोणाचा प्रश्न हे कळत नाही.

पाच, माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन आहे. नाव सांगावे लागत नाही. नेटवर्कचा पत्ता एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडे मिळतो.

लेख लिहून झाल्यावर मी त्या मावशींकडे गेले. त्यांना राग येईल असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "अगं, मला तिचा तिरस्कार नाही. पण ढवळताना डावाची धार लागली, बोट कापलं, रक्त खिरीत पडलं तर? लेकरं खातात ती खीर."

म्हणजे ती भीती होती. मग मी सांगितले. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, उकळत्या खिरीत तर नाहीच. जेवणातून, एका ताटातून, एका पेल्यातून, घामातून, मिठीतून, संडासातून, डासातून तो पसरत नाही. हिपॅटायटिस सी सुद्धा जेवणातून पसरत नाही. बोट कुणाचेही कापले तरी ते धुवायचे, पट्टी बांधायची आणि बाजूला व्हायचे. तो नियम माझ्यासाठी आणि तुमच्यासाठीही तोच. शिवाय ताईच्या रक्तात तीन वर्षे झाली, तपासणीत विषाणू सापडत नाही.

मावशी थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं तुला ठाऊक होतं, तर त्या दिवशी तिथंच का नाही बोललीस?"